वैनगंगेकाठचा ऑर्गन

झाडीपट्टीचं नाटक पहिल्यांदा पाहायला निघालेल्या माणसाला मी एवढंच सांगतो, की पडदा उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा आणि वादकांकडे लक्ष ठेवा. धान कापून मोकळी झालेली बांधी असते. भोवती कनाती, वर बल्बच्या माळा, खाली तणस आणि तणसावर घरून आणलेल्या सतरंज्या, चादरी, ब्लँकेटं. रंगमंचाच्या पुढ्यात चार माणसं बसलेली असतात. एक ऑर्गनवर, एक तबल्यावर, एक ऑक्टोपॅडवर, आणि एक की-बोर्डवर, ज्याला तो कोणत्याही कंपनीचा असला तरी इथे ‘कॅसिओ’च म्हणतात. दहा वाजत आलेले असतात. ऑर्गनवाला षड्ज धरून ठेवतो, तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत त्या सुराला येऊन मिळतो, ऑक्टोपॅडवाला आठही चौकोनांवरून काठी फिरवून आवाज तपासतो. माईकवरून कुणाची तरी चुकलेली पोरं आणि कुणाची तरी हरवलेली किल्ली पुकारली जात असते. या गोंगाटात हे चौघं सूर जमवतात, आणि त्यांच्या बळावर पुढची सात तासांची रात्र उभी राहायची असते.

झाडीपट्टी रंगभूमीबद्दल जे लिहिलं जातं त्यात नाटकांची संख्या असते, उलाढाल असते, नटांची नावं असतात. माझ्या मते ही रंगभूमी आधी कानाने समजते. नाटकांची नावं दर हंगामाला बदलतात. नट-नट्या या मंडळातून त्या मंडळात जातात. मंडळंही फुटतात, नव्या नावाने उभी राहतात. बदलत्या सगळ्यात जे टिकून राहिलं ते रंगमंचाच्या पुढ्यातल्या त्या चौघांचं वादन. त्याला ना अल्बम, ना कॅसेट, ना तारखांची वही. दर रात्री वाजलं आणि पहाटे संपलं, अशी ही कारकीर्द आहे. म्हणून तिचं रसग्रहण करायचं तर एखादी रात्रच उघडून वाचावी लागते.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही इकडची आणि आरमोरी, कुरखेडा, वडसा तिकडची गावं नाटकाच्या बाबतीत कधी वेगळी झालीच नाहीत; मधून वैनगंगा वाहते एवढंच. दक्षिणेकडे, भामरागड-एटापल्लीच्या माडिया मुलखात, रात्र रेला नाचाची असते आणि मराठी नाटक विरळ होत जातं. धानाच्या पट्ट्यात मात्र नाटक हा वर्षाचा एक ऋतूच आहे. त्याची राजधानी वडसा, कागदोपत्री देसाईगंज. रेल्वे स्टेशन असलेल्या या लहान शहरात नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, फलक आहेत, नट-नट्यांचे मोठ्ठे फोटो आहेत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागली की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे ओसरतो. गावातली समिती वडशाला येते, नाटक ठरवते, तारीख घेते. ठरल्या संध्याकाळी ट्रकमधून रंगमंच, पडदे, दिवे आणि ध्वनियंत्रणा येऊन पोचते.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आणि खडीगंमत हे लोककलाप्रकार आहेत. दोन्हीत गाणं, नाच आणि बोलणं वेगळं काढताच येत नाही. त्यावर विसाव्या शतकात संगीत नाटकाचा साज चढला. पश्चिम महाराष्ट्रात 1880 साली ‘शाकुंतल’पासून सुरू झालेला तो प्रवाह बोलपट आल्यावर, म्हणजे 1931 नंतर, झपाट्याने आटला. कंपन्या कर्जात बुडाल्या, थिएटरांची चित्रपटगृहं झाली. झाडीपट्टीत तो आटला नाही, कारण इथे नाटक कंपनीच्या मालकीचं नव्हतं, गावाचं होतं. गावातले मास्तर, शेतकरी, दुकानदार भूमिका करत. स्त्री-भूमिका आधी पुरुष करत, पुढे नागपूरहून नट्या बोलावल्या जाऊ लागल्या, आणि वादक पैसे देऊन आणले जात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अभिनय हौशी आणि साथ व्यावसायिक, अशी ही वाटणी होती. आता नाटकं मुख्यतः व्यावसायिक मंडळंच करतात, पण वादकांना तेव्हापासून मिळालेलं स्थान गेलेलं नाही.

ऑर्गन हा त्या काळाचा उरलेला साक्षीदार. गंधर्व नाटक मंडळीने ऑर्गनचा भरदार सूर मराठी कानांच्या अंगवळणी पाडला. तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष, आणि त्यांच्याखाली ऑर्गनची अखंड जमीन. हार्मोनियमला एक हात भात्यावर ठेवावा लागतो. ऑर्गनला भाता पायाने हलवायचा, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. डाव्या हाताने आधाराचा सूर धरायचा, उजव्याने गायकाच्या मागे जायचं. बालगंधर्वांच्या प्रेक्षागृहात हा सूर मखमली पडद्यांत घुमत असेल. वडसा-आरमोरीच्या बांधीत त्याला भिंतच नसते. तो माईकमधून जातो, कर्ण्यातून पसरतो, तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या गावापर्यंत पोचतो. पुण्यात जे वाद्य आता हौसेने जपावं लागतं, ते इथे हंगामभर रोजच्या कामाला आहे.

आता त्याचं काम बघू. नायिकेचा सूर काळी चार किंवा पाच, नायकाचा काळी एक, विनोदी नट पांढरीत कुठेतरी. एका अंकात हे तिघंही गातात. ऑर्गनवाल्याला प्रत्येकासाठी पट्टी बदलावी लागते, आणि तीही संवाद चालू असताना. पद येण्याआधीचं शेवटचं वाक्य त्याला ठाऊक असतं. ते वाक्य सुरू झालं की तो नव्या पट्टीतला षड्ज अगदी बारीक आवाजात सोडतो. प्रेक्षकांना वाटतं, दुःखाचा प्रसंग आहे म्हणून सूर लावला. नटीला कळतं, मला इथून उचलायचं आहे. एका सुरात दोन निरोप. नट वाक्य विसरला तर तोच ऑर्गन थोडा चढतो, दोन-तीन स्वरांची फिरत घेतो आणि प्रॉम्प्टरला वाक्य पोचवायला वेळ मिळतो. हे इतकं सफाईने होतं की नाटक थांबल्याचं बांधीतल्या कुणालाही जाणवत नाही.

तबल्याची लढाई वेगळी. डिसेंबर-जानेवारीत या भागात मरणाचं दव पडतं. बारानंतर पान ओलसर होतं, कातडं सैल पडतं आणि तबला उतरायला लागतो. ऑर्गनच्या पितळी पत्त्या मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणजे जसजशी रात्र चढते तसतशी सुरेलपणाची सगळी जबाबदारी तबलजीवर येते. तो दर प्रवेशाच्या फटीत हातोडी उचलतो, पान उबेला धरतो, पुन्हा ठोकतो. मला वाटतं, ऑक्टोपॅड झाडीपट्टीत एवढा रुजला त्यात फॅशनपेक्षा या दवाचा वाटा मोठा असावा. त्या आठ रबरी चौकोनांना थंडी कळत नाही. खलनायकाच्या एंट्रीचा धडाका, थोबाडीत मारल्याचा फटका, वीज कडाडणं, घोड्याच्या टापा, हे सगळं त्यातून निघतं आणि पहाटे पाचला रात्री दहासारखंच निघतं. पण पद आलं की तबलाच लागतो. ही कामाची वाटणी कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही. घटनेसाठी ऑक्टोपॅड, भावनेसाठी तबला. झाडीपट्टीचा प्रेक्षक हा फरक ओळखतो; चुकीच्या जागी चुकीचं वाद्य वाजलं तर मागून आवाज येतो.

सात तासांच्या या रात्रीची एक बांधणीही आहे. सुरुवात नांदीने किंवा देवाच्या गाण्याने. तेव्हा लोक अजून येतच असतात, जागा धरतात, पाहुण्यांना हाका मारतात. पहिला अंक गोष्टीची माणसं ओळखीची करून देतो. साडेअकरा-बाराला विनोद जोरात येतो, कारण जेवण झालेल्या माणसाला झोप यायची हीच वेळ. विनोदी नट झाडीबोलीत बोलतो. नायक प्रमाण मराठी बोलतो, घरची म्हातारी आणि गडी झाडीबोली. त्या बोलीत ण नाही, श-ष नाहीत, ळ पण नाही. ‘मले’, ‘तुले’ आणि ‘डोरे’ ऐकू आले की हजारो माणसं एकदम सैल होऊन हसतात. साडेबारा-एकला नाच, लावणी, तालाचा कल्लोळ. आणि मग रात्र खोल झाली की, दोन-अडीचच्या पुढे, नाटक रडायला लागतं. बाप मुलीला घराबाहेर काढतो, नवरा परका होतो, भाऊ बंदूक घेऊन जंगलात गेलेला असतो. मुलं मांडीवर झोपलेली असतात, बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात. झोपेने पापण्या जड झालेल्या माणसाचा बचाव कमी झालेला असतो. करुण प्रसंग याच वेळेला ठेवायचा, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माणूस कळलेला होता.

हे सगळं मला सर्वांत खोलवर जाणवलं ते ‘एकच प्याला’ ऐकताना. त्याचे नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले ते विदर्भातच, सावनेरला. नाटक रंगमंचावर आलं त्याच वर्षी, त्यांच्यामागे, पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली, आणि दारूत बुडालेल्या सुधाकरची बायको सिंधू झाले बालगंधर्व. पुण्या-मुंबईत हे नाटक आज मुख्यतः गाण्याचा वारसा म्हणून ऐकलं जातं. कोणती तान कुणाच्या अंगाने गेली, हे बघायला जाणकार जातात. झाडीपट्टीत ते वेगळं होतं. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, त्यातही बायांनी, लढून मिळवलेली आहे. चंद्रपूरसाठी 2010 साली बाया चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या; 2015 मध्ये तिथे बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. ज्या बांधीत हे नाटक होतं तिथे बसलेल्या कितीतरी जणींनी घरातला सुधाकर पाहिलेला आहे. काहींनी गावातली भट्टी स्वतः फोडलेली आहे.

म्हणून मी ऐकलेल्या प्रयोगात सिंधूचं पद सुरू झालं तेव्हा ऑक्टोपॅडवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या, कॅसिओ बंद झाला आणि ऑर्गन-तबला एवढंच राहिलं. ताना जवळजवळ नव्हत्याच. नटीचा गळा घसरत होता, वरचा षड्ज तिला पुरता लागत नव्हता. ऑर्गनवाल्याने तो सूर तिच्याआधी, तिच्यासाठी, लावून ठेवला आणि ती त्याला टेकून गायली. गाण्याच्या परीक्षेत तिला फारसे गुण मिळाले नसते. पण सिंधू ही काही गवई नाही. तिला धड गाता येऊ नये, इतकी ती थकलेली आहे. नव्वद वर्षांच्या सुरेल ध्वनिमुद्रणांनी माझ्यापासून लपवलेली गोष्ट त्या अर्ध्या लागलेल्या षड्जाने मला सांगितली. पद संपल्यावर ‘वन्स मोअर’ आला नाही. बायांच्या बाजूने एक लांबट हुंकार आला, आणि तबलजीने तो पुरा होऊ दिला, मगच पुढच्या प्रवेशाचा ठेका उचलला. हे थांबणं कोणत्याही संहितेत नसतं.

थांबायचं कधी हे वादकांना ठरवावं लागतं, कारण झाडीपट्टीचं नाटक बऱ्याच अंशी डोळ्यांसमोर तयार होतं. पुण्या-मुंबईचा नट एकच भूमिका वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत करतो. प्रशांत दामले यांनी 2022 मध्ये 12,500 प्रयोगांचा टप्पा ओलांडला, तो मोजक्या नाटकांच्या जोरावर. याच्या शेजारी डॉ. परशुराम खुणे यांची कारकीर्द ठेवावी. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे, झाडीपट्टीचे लाडके विनोदी नट, 2023 चे पद्मश्री. त्यांच्या नावावर 5,000 हून अधिक प्रयोग आणि 800 भूमिका सांगितल्या जातात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. वर्षाला शंभर रात्री धरल्या तरी पाच हजारांना पन्नास हंगाम लागतात. दुसरा भागाकार मला जास्त बोलका वाटतो. 5,000 ला 800 ने भागलं तर एका भूमिकेच्या वाट्याला जेमतेम सहा रात्री येतात. सहा रात्रींत भूमिका उभी करायची, आणि सातव्या रात्री दुसरी. अशा नटाला पाठांतर पुरत नाही. त्याला माणसांचे साचे अंगात मुरवावे लागतात, प्रेक्षकाचा श्वास ओळखावा लागतो आणि वादकांवर विसंबावं लागतं.

प्रॉम्प्टर हा या पद्धतीचा कणा आहे. तो फक्त विसरलेलं आठवून देत नाही, अख्खं नाटक वाचतो. नटाच्या वाक्याच्या अर्धं पाऊल पुढे त्याचा सपाट आवाज चाललेला असतो. पुढच्या रांगेत बसलं तर दोन्ही ऐकू येतात: आधी कोरडं वाक्य, मग तेच वाक्य रक्तामांसाचं होऊन. सुरुवातीला त्रास होतो. थोड्या वेळाने त्यात गोडी वाटायला लागते, कारण लिहिलेल्या ओळीचं नटाने काय केलं हे तिथल्या तिथे कळतं. एखादा खुणे यांच्यासारखा नट प्रॉम्प्टरची ओळ घेतो, अर्धी म्हणतो, उरलेली टाकून देतो, समोरच्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारतो, हशा घेतो आणि ऑक्टोपॅडचा एक टोला मागून घेऊन मूळ ओळीवर परततो. जॅझच्या किंवा रॉकच्या मैफलीत ज्याला लोक दाद देतात तीच ही गोष्ट: ठरलेल्या चौकटीतून बाहेर जाणं आणि तालावर परत येणं.

रॉकचं नाव निघालंच आहे तर एक तुलना करतो. मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांचे सोबती. 1988 आणि 1990 मध्ये दोन अल्बम, 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नवं नाव, 1995 मध्ये त्या नावाचा अल्बम, 1997 मध्ये विराम, 2010 मध्ये पुन्हा एकत्र, 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’. चांगले वादक, मनापासून केलेलं काम. त्यांची कारकीर्द कुणीही आज ओळीने लावून ऐकू शकतो. पण त्यांना आयुष्यभर एका प्रश्नाने पिडलं: आपला श्रोता कोण? कॉलेजांचे महोत्सव आणि मोठ्या शहरांतली काही सभागृहं यांच्यापलीकडे तो सापडेना. वडशाच्या ऑर्गनवाल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्याचा श्रोता त्याच्या समोर ब्लँकेट पांघरून बसलेला आहे, आणि पुढच्या वर्षीही बसणार आहे. त्याच्याकडे नाही ते ध्वनिमुद्रण. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाचं चाळीस मिनिटं नीट मुद्रित केलेलं वादन मागायला गेलं तर मोबाईलवरचे फाटक्या आवाजाचे तुकडे हाती लागतात. एकाकडे दस्तऐवज आहे, दुसऱ्याकडे गाव आहे. दोन्ही एकाच संगीताला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

झाडीपट्टीवर भडकपणाचा आरोप नेहमी होतो. आवाज मोठा, रंग मोठे, अश्रू मोठे, शीर्षकं तर ‘अर्थात’ घालून दोन-दोन. आरोप करणारे बहुधा पुढच्या खुर्च्यांत बसतात. एकदा शेवटच्या रांगेत, जमिनीवर बसून पाहावं. तिथून नटाचा चेहरा दिसत नाही, हात दिसतो. कुजबूज ऐकू येत नाही, हुंदका येतो. रंगवलेला राजवाड्याचा किंवा जंगलाचा पडदा तिथून अगदी योग्य मापाचा वाटतो. माईक टांगलेले असतात म्हणून नट त्यांच्याखाली येऊन, समोर तोंड करून बोलतो. आपल्याला ते कृत्रिम वाटतं, मागच्याला ते ऐकू येतं. पाच हजारांसाठी केलेल्या गोष्टीला दोनशेच्या प्रेक्षागृहाचं माप लावणं हा अन्याय आहे.

पण सगळ्याच गोष्टींची बाजू मला घ्यायची नाही. ‘हंगामा’च्या नावाखाली रेकॉर्ड लावून होणारे नाच नाटकाच्या पोटात शिरले आहेत, आणि त्यांची सर्वांत मोठी हानी मला नीतीची वाटत नाही, संगीताची वाटते. पेन ड्राइव्ह लागला की ऑर्गनवाला हात काढून घेतो. तबलजी चहाला उठतो. दहा-पंधरा मिनिटं ती चौघांची जागा मुकी होते, आणि नंतर पद सुरू झालं तरी कान त्या ठोकळेबाज आवाजाने बधिर झालेले असतात. द्वयर्थी विनोद एका हंगामात जुना होतो. मुद्रित गाण्याची सवय मात्र जात नाही, आणि ती लागली की जिवंत साथीवर पैसे कशाला घालवायचे, असं एखादा निर्माता म्हणणारच. माझी काळजी इथे आहे.

या रंगभूमीने मोठे धक्केही पचवले आहेत. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी अनेक गावांत ठरलेली. पटासाठी आलेले पाहुणे मुक्कामाला राहत, घरोघर पंगती बसत, सोयरिकी जुळत आणि रात्री सगळं गाव पाहुण्यांसह बांधीत जाऊन बसे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा गावांच्या त्या दिवसाचा अर्धा भागच गेला. तरी नाटकं थांबली नाहीत. थांबली ती करोनात, 2020 च्या दिवाळीनंतरच्या हंगामात. रात्रीच्या मिळकतीवर वर्ष काढणाऱ्या वादकांनी त्या काळात मजुरी केली, शेतीत राबले. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि पट व नाटक यांची गाठ परत पडली. 2022 मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला. या मंडळांची धावपळ, भांडणं आणि हौस त्यात जवळून दिसते. ज्यांना हे जग कुठून पाहायला सुरुवात करावी असा प्रश्न आहे त्यांनी तिथून करावी.

नवे वादक येतात कुठून, हेही सांगायला हवं. संगीत विद्यालय या गावांत नाही. चिमूरपासून आरमोरीपर्यंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा घराघरांत आहे, गावोगावी भजनी मंडळं आहेत. पोराचा हात आधी खंजिरीवर बसतो, मग ढोलकीवर. तोच पोरगा एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवतो, मे महिन्यात लग्नाच्या वरातीत, आणि दिवाळीनंतर एखाद्या मंडळाच्या ऑक्टोपॅडवर जाऊन बसतो. त्याच्या हातात भजनाचा ठेका, भीमगीताचा जोश आणि वरातीचा दणका एकत्र आलेला असतो. झाडीपट्टीचं संगीत ‘शुद्ध’ नाही असं म्हणणाऱ्यांनी हा पोरगा वाजवताना ऐकावा. जे जे त्याच्या गावात वाजतं ते सगळं त्याच्या हातात आहे. ऑर्गन शिकणारे मात्र कमी होत चालले आहेत. कॅसिओवर ऑर्गनचा आवाज एका बटणाने मिळतो, पाय हलवावे लागत नाहीत. तो आवाज जवळपास तसाच असतो. पण भात्याला श्वास असतो, गाणाऱ्या बाईच्या दमाबरोबर तो कमी-जास्त करता येतो, आणि सिंधूचा न लागलेला षड्ज बटणाने सावरता येत नाही.

येत्या हंगामात वडशाच्या बाजूला कुणी गेलं तर मंडळाच्या कार्यालयाबाहेरची जाहिरात खालपर्यंत वाचावी. वर नट-नट्यांचे फोटो असतात, मधे नाटकाचं नाव, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, संगीत साथ. ऑर्गनपुढे कुणाचं नाव आहे ते बघून मगच तारीख निवडावी. मी तरी तशीच निवडतो.